आहाराविषयी प्रश्नोत्तरे: बीट, गूळ आणि राहून गेलेली रक्ततपासणी

पत्रे वेगवेगळ्या गावांहून येतात, घोळ मात्र तोच असतो: शेजारणीने सांगितले, मोबाइलवर आले, दुकानदाराने सुचवले आणि तपासणी तेवढी राहिली. त्यामुळे काही उत्तरे पूर्वीसारखीच वाटतील. त्याला इलाज नाही.

बाळ चार महिन्यांचे आहे. ऊन कडक आहे म्हणून पाणी पाजावे का? सासूबाई मध चाटवायला सांगतात. (औसा)

दोन्ही नको. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधातच पुरेसे पाणी असते आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच देऊ नये. बाळ सुस्त वाटले किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

मुलगा नऊ वर्षांचा आहे, उंची वाढत नाही. डब्यातली चॉकलेटी पावडर सुरू करावी का? (परळी)

डब्यावरचा उंच मुलगा पाहण्याआधी मागच्या बाजूचा बारीक अक्षरांतला तक्ता वाचावा आणि त्यातला साखरेचा आकडा पाहावा. त्याच पैशांत अंडी, डाळ आणि शेंगदाणे आणावेत. उंची खरोखर खुंटली आहे की आईवडिलांवर गेली आहे, हे वाढीच्या तक्त्यावर मागील नोंदी मांडूनच कळते आणि ते काम डॉक्टरांचे आहे.

मुलगी लातूरला नीटची तयारी करते. तिचे हिमोग्लोबिन 8.4 आले. बीटचा रस, खजूर आणि गूळ चालू आहे. शौचाला काळे होते म्हणून लोहाच्या गोळ्या बंद केल्या. सलाईन लावून घ्यावे का? (गंगाखेड)

या पत्राला सविस्तर उत्तर देतो, कारण अशा मुली मला सतत भेटतात. मेसच्या डब्यात दोन पोळ्या, पातळ वरण आणि बटाट्याची भाजी; जागरणासाठी तीन-चार वेळा चहा, तोही बहुधा जेवणावरच. अभ्यासात लक्ष लागत नाही, जिना चढताना धाप लागते आणि घरचे म्हणतात, परीक्षेचा ताण आहे. या वयाच्या मुलीचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय होय, 8.4 हा मध्यम स्वरूपाचा, पण तीव्र पातळीला जवळजवळ टेकलेला आकडा आहे.

बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवत नाही. शंभर ग्रॅम बीटमध्ये लोह एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. गूळ-खजुराचा एखादा तुकडा खाऊन ही तूट भरत नाही. गोळीने शौचाचा रंग काळा होणे अपेक्षित आहे, त्यासाठी गोळी सोडण्याचे कारण नाही. मळमळ होत असेल तर डॉक्टर वेळ किंवा मात्रा बदलून देतात. गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत चालते. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी प्रतिबंधासाठी असते, 8.4 वर तेवढी पुरणार नाही. आकडा सुधारल्यावरही शरीरातला साठा भरण्यासाठी सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. नेमक्या इथेच बहुतेक जणी थांबतात.

‘ताकदीचे सलाईन’ म्हणजे मिठाचे किंवा साखरेचे पाणी. त्याने रक्त वाढत नाही, लावणाऱ्याचा गल्ला वाढतो. शिरेतून देण्याचे लोह ही वेगळी गोष्ट आहे आणि ते गरज असेल तरच, रुग्णालयात देखरेखीखाली दिले जाते.

जेवणात ज्वारीची भाकरी, हुलगे, हरभरा, पालेभाजी आणि त्यावर लिंबू असावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत विकसित करून 2018 मध्ये दिलेल्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीच्या वाणात लोह आणि जस्त अधिक आहे. मिळाल्यास जरूर खावी, परंतु तीही औषध नव्हे. पाळीत रक्तस्राव जास्त आहे का, जंत आहेत का, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारांचा अंश आहे का, हे तपासल्याशिवाय उपचार अर्धवट राहतो. परीक्षा होईपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात फिजिशियनकडे न्या.

मधुमेह आहे. गहू-भात सोडून ज्वारीची भाकरी पोटभर खाल्ली तर चालेल ना? (सेलू)

नाही. ज्वारीतही पिष्ट भरपूर असते. भाकरी मोजूनच खावी. किती, ते साखरेचे अहवाल पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील.

आई 72 वर्षांच्या, माळकरी आहेत. मधुमेहाची मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू आहे. वर्षभर पायांना मुंग्या येतात, आता तोलही जातो. सगळे म्हणतात, वय झाले. (जिंतूर)

वयाच्या नावावर वर्ष घालवले, हे बरे झाले नाही. बी-12 हे जीवनसत्त्व धान्य-भाज्यांत नसते, शाकाहारात ते दूध-दह्यातून थोडे मिळते. त्यात उतारवयात ते शोषले जाण्याचे प्रमाण घटते आणि मेटफॉर्मिननेही पातळी उतरते. आईंच्या बाबतीत तिन्ही कारणे एकत्र आहेत. मधुमेहानेही नसा बिघडतात, म्हणून अंदाजाने उपचार नको. नुसते फॉलिक अॅसिड देऊ नये. त्याने रक्ताचा अहवाल सुधारतो, पण नसांची हानी आतून चालूच राहते आणि फार उशीर झाला तर ती पूर्ण भरून येत नाही. मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका. दुकानातून इंजेक्शन आणून आधी टोचून घेतले तर नंतरची पातळी फसवी येते, म्हणून बी-12 च्या तपासणीसाठी रक्त आधी द्यावे आणि अहवाल घेऊन डॉक्टरांना भेटावे.