लहान गावात राहणाऱ्या हौशी चित्रकाराने विषय आणि प्रेरणा कुठून आणावी?

“केळी, केळी आणि केळी, याशिवाय आमच्याकडे काढण्यासारखं आहे काय?” हे वाक्य तुम्ही प्रश्नाखाली लिहिलं नसतं तर मी पुढे सरकले असते. बाकी प्रश्न नेहमीचाच आहे. रावेर तालुक्यात राहता, नोकरी सांभाळून चित्रं काढता, मालिका सुरू करता आणि ती दोन-चार चित्रांत बारगळते. विषय कुठून आणायचे, रंग कुठले घ्यायचे, प्रेरणेसाठी बाहेर फिरावंच लागतं का? पण ते केळीचं वाक्य मला झोंबलं. मी तुमच्या शेजारच्याच, यावल तालुक्यातली. आणि माझी चित्रं केळीच्या चिकाने काढलेली असतात.

चीक म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पण तो कधी धुतलाय का? पुरुषमाणसं डाग पाडून मोकळी होतात, घासायचे आम्ही. घड कापला की दांड्यातून पाण्यासारखा चीक गळतो. कपड्यावर पडला त्या वेळी ओला ठिपका, बाकी काही नाही. वाळताना पिवळट होतो, मग तांबूस, आणि संध्याकाळी कपडे धोंड्यावर येईस्तोवर पक्का तपकिरी. सोडा लावा, आणखी गडद होतो. लिंबू, रॉकेल, जाहिरातीतली निळी पावडर, सगळं करून झालंय. म्हणून तर बागेत जाणाऱ्या प्रत्येकाचा कटाईचा शर्ट वेगळा असतो आणि तो फाटेपर्यंत तोच असतो.

लग्नाआधी माझी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झाली होती. पुढे एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करायची होती, ते राहिलं, त्याची कथा इथे नको. घरात आल्यावर कधी रांगोळी, कधी मुलांच्या वहीतली चित्रं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईची आरास, एवढ्यावर हात चालू होता. कटाईच्या मोसमात मात्र मजुरांचे कपडेही कधीकधी आमच्याच धोंड्यावर यायचे. ते घासताना एक गोष्ट दिसायला लागली. डागांवरून माणूस ओळखू येतो. घड कापणाऱ्याचे डाग बाह्यांवर आणि छातीवर, कारण विळा वर आणि चीक खाली. वाहणाऱ्याचा डाग एका खांद्यावर, तिथून पाठीवर ओघळलेला, आणि तो खांदा कुठला यावरून माणूस डावरा की उजवा तेही कळतं. फण्या सुट्या करणाऱ्या बायांच्या मांडीवर, पदरावर बारीक बारीक शिंतोडे. चेहरा बघायची गरजच नाही.

हे लक्षात आलं आणि माझी ‘कटाई’ची मालिका सुरू झाली. सासऱ्यांच्या जुन्या धोतराचं कापड घ्यायचं, माणूस काढायचाच नाही, त्याच्या अंगावर जिथे जिथे चीक पडतो तेवढेच डाग काढायचे, खऱ्या मापाचे, खऱ्या चिकाचे. कापड भिंतीवर टांगलं की मधल्या रिकाम्या जागेत माणूस उभा राहतो. पहिलं कापड बघून सासूबाई म्हणाल्या, “काय वं, चांगल्या फडक्याची वाट लावून राह्यली?” मग जरा लांब जाऊन त्यांनी परत पाहिलं आणि आमच्या जुन्या सालदाराचं, वर्षाच्या बोलीवर राहिलेल्या गड्याचं, नाव घेतलं. बरोबर तोच होता. मला तेवढं पुरलं.

दाजींना नाही पुरलं. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. हायस्कूलला कलाशिक्षक होते, आता निवृत्त आहेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पेन्सिलवर हात कसा हलका ठेवायचा ते त्यांनीच शिकवलं. पण विषयाबद्दल त्यांचं मत पक्कं: प्रेरणा घरात बसून येत नाही, कलावंताने फिरलं पाहिजे. ते स्वतः दर दोन-तीन वर्षांनी बनारसला नाहीतर हिमाचलला जातात, चार दिवसांत वहीभर स्केचं करतात आणि वर्षभर त्यावरून जलरंग रंगवतात. माझी कापडं बघून म्हणाले, “हे काम छान आहे, रुखवतात शोभेल.”

पुढे तालुक्याला एक प्रदर्शन होतं. मी तीन कापडं दिली. जाऊन बघते तर चित्रांच्या भिंतीवर माझं एकही नाही. ती घडी घालून टेबलावर ठेवलेली, एका बाजूला लोकरीची तोरणं आणि दुसऱ्या बाजूला सुपाऱ्यांचे नवरा-नवरी. वर पाटी, ‘महिला हस्तकला’. टांगल्याशिवाय त्या कापडाला अर्थच नाही. घडी घातल्यावर तो मळका कपडाच. आयोजकांपैकी एकाला विचारलं तर म्हणाला, “ताई, यात माणूस कुठंय?” भिंतीवर दाजींचा बनारसचा घाट होता. साधू, होडी, छत्री, मागे सूर्य. सुबक चित्र, त्यात वाद नाही. पण तो साधू कुठल्याही गावच्या कॅलेंडरवर बसवला असता तरी चालला असता. चार दिवसांत माणसाच्या हाताला कुठे काय डाग पडतात हे कळत नाही.

तेव्हापासून आमचा हा वाद चालू आहे, आणि तुमच्या प्रश्नाने तो पुन्हा उकरून निघाला. माझं म्हणणं सोपं आहे: जे काम तुमच्या हाताखालून रोज जातं, ज्याची तुम्हाला कटकट वाटते, तेच काढा. सुंदर दिसतंय म्हणून काढायला गेलात की दुसऱ्यांनी काढलेलं सुंदर तुमच्या हातात येतं.

दाजींना मी नेहमी चाळीसगावचं उदाहरण देते. केकी मूस. 1912 चा जन्म, 1989 ला गेले. चाळीसगाव स्टेशनजवळच्या त्यांच्या घरातून ते जवळजवळ पन्नास वर्षं बाहेर पडले नाहीत म्हटलं तरी चालेल. आणि त्यांचं नाव झालं ते टेबलटॉप फोटोग्राफीत. घरातल्याच वस्तू टेबलावर मांडायच्या, त्यावर उजेड असा पाडायचा की फोटोत पूर्ण देखावा उभा राहतो. त्या फोटोंना देशोदेशी बक्षिसं मिळाली. तुम्ही अजून ते घर पाहिलं नसेल तर आधी तिथे जाऊन या, आता ते संग्रहालय आहे. यावर दाजींचं उत्तर ठरलेलं: “ते शिकून आले होते, मग घरात बसले.” हे खरं आहे, आणि म्हणूनच मी याच्यापुढे भांडत नाही.

अजिंठ्याचं तसंच. आपल्याकडची निम्मी माणसं जळगावहून तिथे सहलीला जातात आणि पद्मपाणीसमोर सेल्फी काढून परत येतात. लाल-पिवळा रंग काय होता? गेरू आणि पिवळी माती. काळा म्हणजे दिव्याची काजळी, पांढरा चुन्याचा. भिंतीला लिंपण मातीचं, त्यात भाताचा तूस आणि गवत. परदेशातून आलेला रंग म्हणजे तो निळा, लाजवर्द नावाच्या दगडाचा. म्हणजे ज्या चित्रांसाठी जग इथे येतं, त्यांचं बरंचसं सामान आपल्या पायाखालचं होतं. त्याच चित्रांच्या नकला करायला रॉबर्ट गिल हा इंग्रज चित्रकार 1844 च्या सुमारास आला, आयुष्य तिथे घालवलं, आणि त्याच्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. 1879 ला तो गेला, त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. चित्रं लांब नेली की त्यांचं काय होतं याचं एवढं मोठं उदाहरण घराजवळ असताना... असो, ही माझी खोडी आहे, गिलचा त्यात दोष नाही.

आता कामाचं, कारण तुम्हाला करून बघावंसं वाटेल. कोरं कापड घेऊ नका, त्यात खळ असते. जुनं, अनेकदा धुतलेलं सुती कापड बरं. आंध्रातले कलमकारीवाले, म्हणजे कापडावर बांबूच्या कलमाने चित्रं काढणारे, करतात तसं मी कापड आधी हिरड्याच्या पुडीत आणि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवते. दुधातल्या स्निग्धामुळे रेघ फुटत नाही. चीक सकाळी घ्यायचा, तेव्हा दांडा चांगला गळतो. काचेच्या ग्लासात धरायचा आणि लगेच वापरायचा, दुपारपर्यंत तो ग्लासातच काळवंडतो. ब्रशची वाट लागते, म्हणून बांबूच्या काडीला टोक काढून वर सुती दोरा गुंडाळा, दोरा चीक धरून ठेवतो आणि बोटांनी दाबलं की सोडतो. गंमत अशी की काढताना तुम्हाला चित्र दिसत नाही. ओली रेघ उजेडाला तिरकी धरली तर चमकते, बाकी अंदाजपंचे. संध्याकाळी दोरीवर एकेक रेघ वर यायला लागते. ज्यांना सारखं खोडायची सवय आहे त्यांच्यासाठी हे औषध आहे. काळा हवा असेल तर गंजके खिळे, गूळ आणि पाणी माठात पंधरा-वीस दिवस ठेवा, घाण वास मारतं, पण हिरडा लावलेल्या कापडावर त्याचा काळा मस्त बसतो. चिकाच्या रेघेवरून फिरवलं तर रेघ आणखी खोल होते.

तुमची नोकरी कुठली ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून नेमकं सांगता येत नाही. बँकेत असाल तर अंगठा उठवल्यावर निळी शाई पुसणारे हात आहेत. बाजार समितीत असाल तर काट्याकडे बघणारा शेतकरी आणि काट्याकडे न बघणारा व्यापारी. भुसावळच्या रेल्वे यार्डात असाल तर मला तुमचा हेवा वाटतो. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारी काढायला सगळे धावतात, लाल गालिचा दिसतो म्हणून. त्या पथारीवर वाकून दिवसभर मिरची फिरवणाऱ्या बाईचे डोळे कसे होतात ते काढलेलं मी अजून कुठे पाहिलं नाही. तुम्ही तिकडचे असाल तर काढा. मी काढणार नाही, मला ते माहीत नाही.

मालिका अर्धवट राहते म्हणता. राहू द्या. माझीही अर्धीच आहे, पिकवणीच्या वखारीतली माणसं राहिली आहेत आणि मे महिन्यातल्या वादळात आडव्या झालेल्या बागेतून फिरणारा मालक राहिला आहे. त्याच्या कपड्यावर चिकाचा एकही डाग नसतो, आणि ते कसं दाखवायचं हे मला सुचलेलं नाही. घाई कुणाला आहे? विकायची चित्रं असतील तर वेगळी गोष्ट, मग वेळापत्रक लावा. त्यातलं मला काही कळत नाही.

रंग कुठले हे विचारलं होतंत. शाळेचे पोस्टर कलर सोडून द्या, एवढंच ठामपणे सांगते. गेरू किराणा दुकानात मिळतो, तो वस्त्रगाळ करून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटा, वर मधाचा थेंब टाका म्हणजे वाळल्यावर तडकत नाही. कागदावर खर्च करा, रंगावर वाचवा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. चीक डोळ्याजवळ नेऊ नका, आणि ज्याच्या हाताला त्याने खाज सुटते त्याने हातमोजे घालावेत. दुसऱ्याच्या बागेत विचारल्याशिवाय घडाला हात लावू नका, एका खरचटीने फणीचा भाव पडतो. चिकाचं काम किती वर्षं टिकेल याची हमी मी देत नाही, थेट उन्हात टांगू नका. आणि फिरायला जाऊच नका असं माझं म्हणणं नाही. दाजींच्या घाटावरचं पाणी खरंच चांगलं असतं. ती चमक मला जमत नाही, ते तापीवर बसून काढत असते तर मी त्यांच्या पाया पडले असते.

नणंद हे उत्तर तुम्हाला दाखवणारच, दाजी. म्हणून इथेच सांगून ठेवते: यंदाच्या प्रदर्शनाचा अर्ज मी ‘चित्रकला’ या रकान्यात भरला आहे, आणि सोबत टांगायची काठी आणि खिळेसुद्धा पाठवणार आहे.