बॅकवॉटरला लागून असलेल्या वसाहतीत बोटींचे नियम कसे करावेत?

तुमचा प्रश्न मला असा समजला: पुण्याजवळच्या खडकवासला धरणसाखळीतल्या एका धरणाच्या पाण्याला लागून तुमची बंगल्यांची वसाहत आहे. निम्म्या सभासदांना मोटरबोटी आणि वॉटर स्कूटर पूर्ण बंद हव्यात. बाकीचे म्हणतात, पाण्यासाठीच तर एवढे पैसे मोजून प्लॉट घेतला. सभेत आवाज चढतात आणि ठराव काही होत नाही. मी कॉलेजात सीओईपीच्या, म्हणजे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, बोट क्लबवर वल्ही मारायला शिकलो, त्यामुळे माझा कल कुठे असणार ते ओळखा. तरीही सरसकट बंदी घाला, असं मी म्हणणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ते पाणी तुमचं नाही. ब्रोशरमध्ये काहीही छापलेलं असो, पूर्ण संचय पातळीपर्यंतची, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाणी पोचतं तिथवरची, जमीन धरणासाठी संपादित झालेली असते आणि जलाशय जलसंपदा विभागाकडे असतो. तिथे बोट फिरवायची तर परवानगीचा प्रश्न आधी त्यांच्याकडे जातो. मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असेल, तर पहाटे जाळं टाकणाऱ्या माणसाला तुमच्या सोसायटीचा ठराव लागू होत नाही. उलट त्याचं जाळं तुमच्या बोटीच्या पंख्यात अडकलं तर भरपाई तुम्हीच द्यायला हवी. इंजिनाची बोट असेल तर १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे: नोंदणी, तपासणी, विमा. आणि हेच पाणी पुण्याच्या नळाला येतं, हे पेट्रोलचा कॅन घेऊन काठावर उतरणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं.

मग सोसायटीच्या हातात काय उरतं? तुमच्या हद्दीतून पाण्याकडे जाणारी वाट आणि तिचं फाटक. माझ्या मते सगळी ताकद तिथे लावा. बोट पाण्यात उतरवायची जागा एकच ठेवा, तिला कुलूप घाला, किल्लीची नोंदवही ठेवा. नोंदणीचा कागद, विमा आणि माणशी एक लाइफ जॅकेट दिसल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. काठावर उभं राहून शिट्टी मारण्याचं काम वॉचमनला देऊ नका. ज्याचा पगार तुमच्या मेंटेनन्समधून निघतो, तो बंगलेवाल्या साहेबांना पाण्यातून बाहेर कसा बोलावणार? वहीवर सही मागणं मात्र त्याला जमतं. शनिवार-रविवारी बंगला भाड्याने घेऊन येणाऱ्या पाहुण्यांनाही हीच वही. खरा धुडगूस बहुधा त्यांचाच असतो आणि सभेत मात्र ते कधीच नसतात.

आता वेग. बहुतेक ठिकाणी ‘ताशी अमुक किलोमीटर’ असा नियम करतात. काठावरून तो कुणालाच मोजता येत नाही, शिवाय त्याने उलटाही परिणाम होऊ शकतो. स्पीडबोट सगळ्यात मोठी लाट पूर्ण वेगात काढत नाही. ती निघते मधल्या वेगात, नाक वर आणि शेपूट पाण्यात रुतलेली असताना. म्हणजे चालकाने काठाजवळ येताना वेग अर्धवट कमी केला की नुकसान वाढतं. लाटेची उंची दुप्पट झाली तर तिच्यातली ऊर्जा चौपट होते. ती उथळ पाण्यातला गाळ ढवळते, काठाची माती खाली ओढते. काठाला उभी भिंत बांधली असेल तर लाट तिथून परतते आणि शेजाऱ्याच्या काठाला लागते. लव्हाळा आणि पाणकणीस असेल तिथे ती विरते. त्यातच टिबुकली या पाणपक्ष्याचं घरटं असतं, पाणवनस्पतींना अडकवलेलं, तरंगतं. मोठ्या लाटेखाली ते बुडतं.

म्हणून नियम लाटेवर करा: काठापासून ठरावीक अंतराच्या आत बोटीमागे पांढरा फेस दिसता कामा नये. हे आजीलाही गच्चीवरून ठरवता येतं, त्यामुळे वादाला जागा कमी राहते.

अंतर मात्र पाण्याच्या त्या दिवशीच्या काठापासून मोजा. काठाच्या भिंतीपासून मोजलंत तर फसाल. ऑक्टोबरात तुडुंब भरलेलं पाणी मे महिन्यात कुठच्या कुठे मागे जातं, खाली गाळपेर, म्हणजे गाळाची जमीन, उघडी पडते, आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात सगळ्या बोटी एकमेकींच्या अंगावर येतात. पाणी एका ठरावीक पातळीखाली गेलं की इंजिन बंद, एवढं एक कलम घाला. पातळी धरणावर रोज मोजली जातेच.

वेळांच्या वाटणीबद्दल फार डोकं घालू नका. सकाळ वल्ह्यांची आणि पक्षी बघणाऱ्यांची, इंजिनाला मधले काही तास, सूर्यास्तानंतर कुणीच नाही. तास-अर्ध्या तासावरून भांडतील, भांडू द्या.

एका बाबतीत मात्र अजिबात तडजोड करू नका. २१ मे २०२४ ला उजनी जलाशयात कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. वळवाचा वारा असाच येतो, आभाळ भरून येईपर्यंत माणूस ‘अजून एक फेरी’ म्हणत असतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर बोट पाण्यात नको. आणि लाइफ जॅकेट अंगावर, बंद बांधलेलं. सीटखाली ठेवलेलं धरायचं नाही. पोहता येणाऱ्यालाही सूट नाही.

हे सगळं मांडणार असाल तर सभेच्या नोटिशीतच स्वतंत्र विषय म्हणून, मसुद्यासकट घाला. वार्षिक सभेला १४ पूर्ण दिवसांची नोटीस लागते, तेवढ्यात लोक वाचतील तरी. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात घुसवलंत तर ज्याची बोट अडेल तो पहिली हरकत त्यावरच घेईल, आणि त्याचं बरोबरच असेल.