गटावर आहे, पण सापडत नाही

कामाच्या ठिकाणी चॅटचे गट, विकी (सगळ्यांना मिळून लिहिता आणि दुरुस्त करता येणारी वेबपानं) आणि सामायिक फाइली वापरताना येणाऱ्या अडचणी वाचकांनी कळवल्या होत्या. त्यांतल्या पाच प्रश्नांना ही उत्तरं.

प्रश्न : आमच्या सेवाविभागात ४० जण आहेत. सगळं व्हॉट्सॲप गटावर चालतं. अडचण टाकली की दोन मिनिटांत कुणीतरी उत्तर देतं. पण तीच तक्रार तीन महिन्यांनी आली की जुनं उत्तर सापडत नाही. गट बंद करून दुसरं काही घ्यावं का?

गट बंद करू नका. दोन मिनिटांत उत्तर मिळतंय, ही सवय पैसे देऊनही विकत मिळत नाही. अडचण वेगळीच आहे. गटावरचा मजकूर वेळेच्या क्रमाने साचतो, विषयाच्या नाही. शिवाय एकच दोष कुणी ‘दाब येत नाही’ असं लिहितो, कुणी ‘प्रेशर नाही’, तर कुणी ‘पंप उचलत नाही’. खरं उत्तर बरेचदा व्हॉइस मेसेजमध्ये किंवा फोटोवर काढलेल्या बाणात असतं, आणि तिथे शब्दांचा शोध पोहोचत नाही. स्लॅक या कचेरीसाठीच्या चॅट ॲपवर गेलात तरी हे सुटत नाही. त्याच्या फुकट योजनेत तर ९० दिवसांपलीकडचे संदेश दिसतच नाहीत.

बोलणं गटावरच राहू द्या, पण लागू पडलेलं उत्तर विकीच्या पानावर जाऊ द्या. पान लिहायचं प्रश्न विचारणाऱ्याने. उत्तर देणाऱ्यावर हे काम टाकलं, तर मदत केल्याची ती शिक्षा ठरते आणि पुढच्या वेळी तो गप्प बसतो. शिवाय आपण कुठे अडलो होतो, हे विचारणाऱ्याच्या डोक्यात ताजं असतं. उत्तर देणाऱ्याने दोन मिनिटं पान वाचून चूक असली तर दुरुस्त करायची, एवढंच. मग पानाचा दुवा गटावर टाका. तोच प्रश्न पुन्हा आला की उत्तर टाइप करायचं नाही, दुवा द्यायचा. पान असं दिसलं की पुरे :

> पंप फिरतो, पण दाब चढत नाही
> *असंही म्हणतात :* प्रेशर येत नाही, पाणी उचलत नाही
> *कुठे :* सेंट्रिफ्यूगल पंप, थ्री-फेज मोटर
> *आधी बघा :* १. केसिंग पाण्याने भरलंय का? हवा अडकली असेल तर पुन्हा प्रायमिंग. २. सक्शनची गाळणी तुंबली आहे का? ३. मोटर बाणाच्या दिशेने फिरते का? नुकतंच वायरिंग झालं असेल तर हे सगळ्यात आधी.
> *उपाय (दिशा उलटी असल्यास) :* वीज तोडून, कुलूप लावून, तीनपैकी कोणत्याही दोन फेजची अदलाबदल.
> *फसगत :* उलटा फिरणारा पंपही थोडं पाणी देतो, म्हणून दिशेवर संशय जात नाही.
> *लिहिलं, तपासलं, तारीख :*

‘असंही म्हणतात’ ही ओळ फालतू वाटते, पण शोधात पान सापडतं ते तिच्यामुळेच.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी विकी बसवला. विभागवार २०० पानं तयार करून ठेवली. त्यांतली ११ भरली. लोकांना लिहायचंच नाही का?

रिकामी पानं आजच काढून टाका. दुव्यावर टिचकी मारून तीनदा कोरं पान दिसलं की माणूस चौथ्यांदा येत नाही. वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरने १९९५ साली पहिला विकी केला, तेव्हा त्यात उलटी सोय होती : मजकूर लिहिता लिहिता अजून नसलेल्या पानाचा दुवा द्यायचा, आणि ज्याला गरज पडेल त्याने तो उघडून लिहायचं. कपाट आधी, कपडे नंतर, हा क्रम विकीला मानवत नाही.

आता माणसांचं. खुल्या ऑनलाइन समूहांबद्दल संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी २००६ साली एक ठोकताळा मांडला : शंभरातले ९० नुसते वाचतात, ९ अधूनमधून लिहितात, १ सतत लिहितो. कचेरीत प्रमाण याहून बरं राखता येतं, कारण लिहिणं कामातच बसवता येतं. पण ‘सगळ्यांनी लिहा’ असं परिपत्रक काढून ते होत नाही. तक्रार बंद करण्याच्या फॉर्ममध्येच ‘विकीच्या पानाचा दुवा’ असा रकाना ठेवा. जुनं पान कामी आलं तर त्याचा दुवा, नसेल तर नवं पान. शिवाय एकाला आठवड्यातले तीन तास पानं जुळवायला, दुबार पानं एकत्र करायला नेमून द्या. हे तास कामाच्या वेळेतले हवेत. ‘जमेल तेव्हा कर’ म्हणालात तर ते कधीच जमत नाही.

बक्षिसाबाबत सावध राहा. पानामागे गुण ठेवले की एका पानाची पाच पानं होतात. झेरॉक्स कंपनीच्या तंत्रज्ञांसाठी १९९०च्या दशकात ‘युरेका’ नावाची यंत्रणा झाली. त्यात दुरुस्तीच्या युक्त्या तंत्रज्ञच लिहीत, जाणकार सहकारी तपासत आणि युक्तीसोबत लिहिणाऱ्याचं नाव राही. पैशापेक्षा ते नावच जास्त चाललं. आणखी एक : वरिष्ठाने पानावर असलेलीच माहिती फोन करून मागवली की विकी संपला म्हणून समजा.

प्रश्न : कुणीही पान बदलू शकतो, याची व्यवस्थापनाला भीती वाटते. प्रत्येक बदलाला मंजुरी ठेवावी का?

सरसकट नको. ज्याची दुरुस्ती मंजुरीच्या रांगेत चार दिवस अडकते, तो पुढची दुरुस्ती करत नाही. कुणी काय बदललं ते पानाच्या इतिहासात नावानिशी राहतं आणि मागची आवृत्ती एका टिचकीत परत येते. ‘अलीकडील बदल’ रोज दहा मिनिटं पाहणारा एक माणूस पुरतो.

मात्र बोल्टचा टॉर्क, रसायनाचं प्रमाण, वीज तोडण्याचा क्रम अशा, चूक झाली तर माणूस जखमी होईल अशा पानांना कुलूप हवंच. सूचना चर्चापानावर (पानाला जोडलेल्या चर्चेच्या जागी) घ्या आणि बदल जबाबदार माणसानेच करावा.

दोन गोष्टी लोक विसरतात. दोघांनी एकच पान एकाच वेळी उघडलं, तर मीडियाविकीत (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) नंतर जतन करणाऱ्याला ‘संपादन संघर्ष’ अशी सूचना येऊ शकते. घाईत तो आपला मजकूर सगळ्यावर चिकटवतो आणि पहिल्याचं काम पानावरून जातं. म्हणून पूर्ण पान उघडायचं नाही, एकेक विभाग संपादित करायचा. दुसरं, पासवर्ड पानावर कधीच नको. पुसला तरी जुन्या आवृत्तीत राहतो, मग पासवर्डच बदलावा लागतो. पगार आणि करारही तिथे नकोत. मीडियाविकी मुळात सर्वांनी वाचण्यासाठी बेतलेला आहे, ठरावीक पान काहींपासून लपवण्याची भिस्त त्याच्यावर ठेवू नये.

प्रश्न : आमचे सगळ्यांत अनुभवी तंत्रज्ञ तीन महिन्यांत निवृत्त होतायत. त्यांना लिहायला सांगितलं, तर त्यांनी दोन पानं दिली आणि म्हणाले, ‘एवढंच.’

ते खोटं बोलत नाहीयेत. ३० वर्षं हाताने केलेलं काम बसल्याजागी आठवत नाही, समोर यंत्र अडलं की आठवतं. तेव्हा त्यांना लिहायला लावू नका, विचारा. गेल्या वर्षभरात त्यांना कोणी कशासाठी फोन केले, मेल पाठवले, ते आधी गोळा करा. ती यादी हीच अनुक्रमणिका.

मग नव्यातला एक जण त्यांच्याबरोबर फिरेल. दर कामानंतर २० मिनिटं, प्रश्न एकच : ‘हे न करता ते का केलंत?’ लिहिणार नवा, तपासणार जुने. व्हिडिओ घ्यायचा तर एका दोषाचा तीन-चार मिनिटांचा घ्या आणि फाइलला दोषाचं नाव द्या. दोन तासांचं चित्रीकरण पुन्हा कुणी उघडत नाही. शेवटी परीक्षा : तिसऱ्याने फक्त पान वाचून काम करायचं आणि जुन्यांनी शेजारी गप्प बसायचं. ते जिथे न राहवून बोलतील, तिथे पानात काहीतरी गळलंय.

बेअरिंगचा आवाज ऐकून दोष ओळखणं कागदावर उतरत नाही. त्यासाठी ‘हे आणखी कुणाला जमतं’ असं नावांचं एक पान ठेवा.

प्रश्न : एका अहवालाच्या फाइली मेलवर फिरतात : ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘खरंच अंतिम’. खरी कोणती?

बहुधा चौथीच कुणाच्यातरी संगणकावर असते. फाइल जोडणं थांबवा. ती एका सामायिक जागी ठेवा आणि मेलमध्ये दुवा द्या. ज्यांना फक्त वाचायचंय त्यांना वाचण्याचीच परवानगी, शेरे मजकुराच्या कडेला. बाहेर पाठवायची प्रत मात्र पीडीएफ करून, नावात तारीख घालून वेगळी ठेवा. कारण दुव्यामागचा मजकूर उद्या बदलेल, आणि ग्राहकाने नेमकं काय वाचलं होतं हे वाद झाला की विचारलं जातं.