कूलर की एसी, ते आधी ठरवा

प्रश्न : नागपूरला आमच्या घराचं बांधकाम चालू आहे, वरचा स्लॅब झालाय, खिडक्या अजून बसायच्यात. भाचा जर्मनीत असतो, तो म्हणतो मामी घर पूर्ण एअरटाइट करा आणि सगळीकडे इन्सुलेशन घाला. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) टाकू, बाकी काही लागत नाही. आमच्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो, बेडरूममध्ये एसी लावायचा विचार आहे. कुणाचं ऐकू?

उत्तर : ताई, इन्सुलेशनचं भाच्याचं ऐका, पण एअरटाइटचं जरा थांबून. जर्मनीत डार्मश्टाटला १९९१ मध्ये पहिलं पॅसिव्हहाउस (अगदी कमी ऊर्जेत चालणारं घर) झालं, त्या पद्धतीत चाचणीसाठी आतबाहेर ५० पास्कल (दाबाचं एकक) इतका फरक ठेवला तर तासाभरात घरातल्या हवेच्या ०.६ पटीहून जास्त हवा गळलेली चालत नाही. पण तिथे ताजी हवा मशीन आत आणतं, आणि बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता तेच मशीन आत ठेवतं. तुमच्या घरात ते मशीन नाही आणि कूलर आहे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून आत ढकलतो, ती हवा समोरच्या खिडकीतून बाहेर गेलीच पाहिजे, नाहीतर तासाभरात खोलीत नुसता दमटपणा आणि चिकचिक. म्हणून हॉल कूलरचा ठेवा, तिथे खिडक्या समोरासमोर घ्या. हवाबंद फक्त एसीची बेडरूम करा.

त्या खोलीला स्लायडिंग खिडकी नको, रबर गॅस्केटवाली उघडझाप करणारी घ्या, स्लायडिंगच्या फटीतून हवा गळतेच. फ्रेम आणि भिंतीमधली फट फोम आणि सीलंटने भरून घ्या (नुसतं सिमेंट थापलं की पुढे तिथेच तडा जातो), एसीच्या पाइपाचं भोक आणि दाराखालची फट विसरू नका. तपासायचं कसं तर सगळं बंद करून अटॅच्ड बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवा, बाथरूमचं दार उघडं, आणि पेटती उदबत्ती फ्रेमच्या कडेने फिरवा, धूर हलला की तिथे गळती आहे. मात्र रात्रभर दोघं-तिघं झोपणार तर थोडी ताजी हवा हवीच, छोटं बंद करता येणारं व्हेंटिलेटर ठेवा.

आणि हे कळकळीने सांगते, स्वयंपाकघर हवाबंद करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून खाली जाळी हवीच. गॅस गीझर तर बंद बाथरूममध्ये कधीच नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसं दगावतात.

आता गच्ची, खरा पैसा इथे घाला. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा वरच्या मजल्यावर सगळ्यात जास्त ताप स्लॅबचा. ब्रिकबॅट कोबा उतार आणि वॉटरप्रूफिंगसाठी ठीक, पण उष्णता अडवायला फार कमी पडतो. ५० मिमी एक्सपीएस शीट (फोमची कडक इन्सुलेशन शीट) दोन मीटरपेक्षा जास्त जाड काँक्रीटइतकी उष्णता अडवते. केंद्र सरकारच्या इको निवास संहितेत (२०१८) छताचं यू-व्हॅल्यू (छतातून किती उष्णता आत येते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) १.२ च्या आत ठेवायला सांगितलंय, उघडा स्लॅब त्याच्या दुपटीहून जास्त असतो, ही शीट घातली की सहज आत येतो. शीट स्लॅबच्या वरूनच घाला, खालून फॉल्स सीलिंगमध्ये नको, कारण मग स्लॅब दिवसभर तापतच राहतो, तडे जातात आणि गळती सुरू होते. भिंतींचं म्हणाल तर पश्चिमेची भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची) करा आणि त्या बाजूच्या खिडक्यांना खोल छज्जा द्या, चारही बाजूंना शीट लावायचा खर्च मी तरी करणार नाही.

प्रश्न : जळगावात जुनं घर आहे, गच्चीला पांढरा रंग दिला तर पुरेल का? इन्सुलेशनचं बजेट नाही.

उत्तर : द्या, फरक नक्की पडतो, पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो. पण धूळ बसली की परिणाम कमी होतो, म्हणून मार्च संपायच्या आत गच्ची धुऊन घ्या आणि रंग उडाला असेल तर पुन्हा द्या. थोडे पैसे जमले की पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करून घ्या, ते रंगापेक्षा बरंच टिकतं.