तेरा वर्षांच्या मुलाला भयकथा वाचू द्याव्यात का, आणि लिहू द्याव्यात का?

तुम्ही विचारले आहे की, सुट्टीत आजोळी गेला असता तुमच्या तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती मामाच्या कपाटातील भयकथालेखक नारायण धारपांची पुस्तके लागली, तेव्हापासून तो दुसरे काही वाचायला तयार नाही, रात्री दिवा मालवू देत नाही आणि आता तर स्वतःच वहीत भुताखेतांच्या गोष्टी लिहू लागला आहे; हे थांबवावे की चालू द्यावे? माझ्या मते खुशाल चालू द्यावे. अर्थात हे मी मानसशास्त्राचा जाणकार म्हणून सांगत नसून, त्याच वयात त्याच पुस्तकांनी झपाटलेला एक वाचक म्हणून सांगत आहे.

आमच्या गावचे वाचनालय एका जुन्या वाड्याच्या माडीवर होते. मुलांच्या वर्गणीवर फक्त बालविभागातील पुस्तके मिळत असल्यामुळे मी काकांच्या नावावर धारप घरी आणत असे. खाकी कागदाचे वेष्टण घातलेल्या आणि शिवण सुटलेल्या एका कादंबरीत, प्रकरण संपता संपता समासात कोणीतरी शिसपेन्सिलीने लिहून ठेवले होते, ‘पुढचे रात्री वाचू नये’. आणि त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात, ‘वाचले. खरे आहे.’ त्या दोन अनोळखी वाचकांनी मला वाचनाची जेवढी गोडी लावली, तेवढी शाळेतल्या कोणत्याही पाठाने लावली नाही.

भयकथा मुलाला बारकाईने वाचायला लावते, ही गोष्ट पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. इतर पुस्तकांतली वर्णने मी सर्रास गाळत असे. इथे तसे करण्याची सोय नव्हती, कारण घात नेमका वर्णनातच दडलेला असे: आधीच्या पानावर लावलेली कडी पुढच्या पानावर नुसती लोंबकळत असते, आणि ते वाक्य निसटले तर पुढे अंगावर काटा येत नाही. काटा आला की मी पाने उलटून मागे जात असे आणि लेखकाने आपल्याला नेमके कुठे गाठले ते शोधत असे. लेखनाचे पहिले धडे मला या मागे जाण्यातून मिळाले.

धारपांची (१९२५–२००८) निवड या वयासाठी वाईट तर नाहीच, उलट बरीच सुरक्षित आहे. त्यांच्या कथेतला माणूस बहुधा तुमच्याआमच्यासारखा मध्यमवर्गीय असतो, आणि अघटित त्याच्या दारात येऊन उभे राहते. पण ‘समर्थ’ मालिकेत अप्पा जोशी ज्यांची हकिगत सांगतात ते समर्थ वेळेवर येतात आणि अभद्राचा बंदोबस्त करतात. मुलाला हा आधार पुरतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत असा कोणी राखणदार नसतो; तिथली भीती बरेचदा माणसाच्या मनातूनच वर येते, म्हणून त्या दोन-तीन वर्षांनी वाचल्या तर अधिक भिनतात. (गंमत अशी की, ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीणही मतकरींचीच. बालनाट्यातल्या त्या चेटकिणीला पाहून किंचाळणाऱ्या मुलांना घेऊन जाताना आपण मात्र कधी काळजी करत नाही.)

आता त्याच्या लिहिण्याविषयी. चित्रपट दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांची आजीवरची एक कथा १९९३ साली, जवळपास तुमच्या मुलाच्याच वयाचे असताना, नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली आणि ते हादरून गेले. १९९७ साली, वयाच्या १८ व्या वर्षी, त्यांनी एका पटकथेचा पहिला मसुदा लिहिला. त्यातून उभा राहिलेला ‘तुंबाड’ हा चित्रपट पडद्यावर यायला २०१८ साल उजाडले. धारपांची ती आजीची कथा मुळात अमेरिकन भयकथालेखक स्टीफन किंग यांच्या कथेवर बेतलेली होती, आणि चित्रपटाचे नाव आले श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून. खुद्द किंग यांना लहानपणी मावशीच्या घरी गॅरेजवरच्या माळ्यावर, संसार सोडून गेलेल्या वडिलांच्या पुस्तकांची पेटी सापडली होती आणि तिच्यात लव्हक्राफ्ट या जुन्या अमेरिकन लेखकाच्या भयकथांचे एक पुस्तक होते. म्हणजे मावशीचा माळा काय किंवा मामाचे कपाट काय, मुले या वाटेला अशीच लागतात. प्रत्येकाने आधीच्याची भीती उसनी घेतली खरी, पण ती आपल्या घरात आणून वसवली: अमेरिकेतली आजी मराठी झाली आणि मग कोकणातल्या पावसात, एका पडक्या वाड्यात जाऊन बसली. (चित्रपट प्रौढांसाठीचा आहे, तो मुलाला दाखवण्याची घाई करू नये.)

तेव्हा त्याच्या गोष्टी आज धारपांची नक्कल वाटल्या, तर वाटू द्याव्यात. माझी पहिली कथा शंभर पानी वहीची बारा पाने भरून होती आणि तिच्यात मुंजा, हडळ, खवीस, वेताळ अशी सगळी मंडळी एकाच रात्री हजर झाली होती. काकांनी ती शांतपणे वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “मला फक्त इथं भीती वाटली.” ती ओळ अशी होती: ‘आजी रोज रात्री दोन ताटे वाढत असे, आणि घरात ती एकटीच राहत असे.’ ती मी पुस्तकातून घेतली नव्हती. आजोबा गेल्यानंतर काही दिवस माझी आजी सवयीने दुसरे ताट मांडत असे, ते मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहून पाहिले होते. काकांचे ते बोट नसते, तर मी पुढच्या वहीत आणखी दोन भुते वाढवली असती.

तुम्हीही तेवढेच करावे. त्याने वही आपण होऊन दाखवली तरच वाचावी, शुद्धलेखनाच्या चुका काढू नयेत, ‘असले घाणेरडे विचार कुठून येतात’ असे विचारू नये. आपल्याला भीती कुठे वाटली आणि कुठे नुसते हसू आले, ते खरे खरे सांगावे. झोप अगदीच उडत असेल, शाळेत जांभया येत असतील, तर पुस्तक दुपारी वाचण्याचा नियम घालावा. पुस्तकच काढून घेतल्यास ते गादीखाली जाते, हे मी अनुभवाने सांगतो.

दिव्याचे म्हणाल, तर माझ्याकडे तो दहावीपर्यंत चालू होता. वडील कुरकुरत, पण मी झोपल्यावर स्वतःच येऊन मालवत असत.