वाचकांचे प्रश्न : मृगाआधी शाळा, पंचायत आणि दवाखान्याची इमारत

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेचे दोन वर्ग गळतात. मार्चमध्ये आतून गिलावा आणि रंग करून घेतला, पण पावसाळ्यात पुन्हा पोपडे निघाले. आता काय करावे?
– मुख्याध्यापिका, हिंगोली जिल्हा

उत्तर : खर्च खालच्या बाजूने झाला आणि पाणी वरून येते आहे. छताला जिथे ओल दिसते तिच्या नेमके वर भोक असेलच असे नाही. कोब्यात, म्हणजे स्लॅबवर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जो जलरोधक थर असतो त्यात, शिरलेले पाणी स्लॅबवरून सरकत जाते आणि पंख्याच्या हुकापाशी किंवा वायरिंगच्या पाइपातून बाहेर पडते. म्हणून आधी गच्चीवर चढा.

पहिल्यांदा पाइपांची तोंडे पाहा. शाळेच्या गच्चीवरच्या पाइपात लिंबाचा पाला, पतंगाचा मांजा आणि पोरांचे चेंडू हमखास सापडतात. तोंड बुजले की पाणी दोन-दोन दिवस साचते आणि कठड्याच्या बुडातून आत उतरते. तोंडाला घुमटाकार जाळी बसवा. सपाट जाळीवर एक मोठे पान पडले तरी ती झाकली जाते. मग कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यातला वाटा, म्हणजे सिमेंटची गोलसर पट्टी, तपासा. तो सुटला असेल तर तेवढाच फोडून नवा भरा. निम्मी गळती इथेच थांबते. कठड्यात पिंपळ उगवला असेल तर नुसता छाटू नका, छाटलेला पिंपळ दुप्पट जोमाने फुटतो. सांधा छिन्नीने मोकळा करून मूळ काढा आणि 1:4 सिमेंट-वाळूच्या मालाने भरा. सोलरच्या किंवा टाकीच्या स्टँडचे पाय बोल्ट मारून कोब्यात बसवले असतील तर त्या भोकांकडेही लक्ष द्या. असे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यावर उभे करायचे असतात.

एवढे करूनही गळत असेल तर कोबा नव्याने करावा लागेल. इथे एक चूक सर्रास होते, ती म्हणजे जुन्या कोब्यावरच नवा थर. चार इंचांच्या ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्याचे वजन चौरस मीटरला साधारण 200 किलो भरते. जुना खरवडून स्लॅब उघडा केल्याशिवाय नवा टाकू देऊ नका. उतार 1:100, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच, थेट पाइपाच्या तोंडाकडे हवा. काम झाल्यावर तोंडे बंद करून दोन इंच पाणी 48 तास उभे करा आणि खालून पाहा. मात्र खालून सळया उघड्या पडल्या असतील तर पाण्याचे हे वजनही त्या स्लॅबवर नको. आधी सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढून, तारेच्या ब्रशने गंज घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मालाने दुरुस्ती करा. सळई गंजून बारीक झाली असेल तर वर्ग रिकामा करा आणि बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याला बोलवा. मुलांना त्या छताखाली एक दिवसही बसवू नका.

हे सगळे मृग निघायच्या आत, आणि रंग पावसाळ्यानंतर, भिंती सुकल्यावर.

प्रश्न : ग्रामपंचायतीची इमारत आठ वर्षांची आहे. भिंतीला तिरप्या भेगा आहेत. उन्हाळ्यात बोट जाते, दिवाळीपर्यंत बुजल्यासारख्या होतात. इमारत धोक्यात आहे का?
– सरपंच, परभणी जिल्हा

उत्तर : भेग ऋतूप्रमाणे उघडते-मिटते, हेच तिचे निदान आहे. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात तेच तुमच्या पायाखाली घडते, आणि काठावरची माती आधी सुकत असल्याने कोपरे आधी खचतात.

अंदाजावर राहू नका. दोन मिलिमीटर जाडीची, वीतभर काचेची पट्टी घ्या. गिलावा खरवडून ती भेगेवर आडवी ठेवा, दोन्ही टोके सिमेंटने चिकटवा आणि शेजारी पेन्सिलीने तारीख घाला. भेगेची दोन्ही टोकेही खुणेने टिपा. काच तडकली तर भिंत हलते आहे. शिवाय भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून त्यांतले अंतर दर महिन्याला मोजा आणि वर्षभर वहीत लिहा. अंतर कमी-जास्त होत राहिले तर दोष मातीतल्या ओलाव्याचा. नुसते वाढतच गेले, भेग भिंतीच्या आरपार दिसू लागली किंवा बीम-कॉलमला तडा गेला, तर वर्ष संपण्याची वाट न पाहता स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे अभियंत्याकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, मागा.

उपाय भिंतीत नाही, भिंतीबाहेर आहे. इमारतीभोवती तीन-चार फूट रुंदीत काळी माती फूट-दीड फूट काढून मुरूम धुमसून भरा आणि वर बाहेर उतरती फरसबंदी करा. गच्चीचे पाणी पायाशी न सोडता नालीपर्यंत न्या. हल्ली पंचायतीच्या बाजूलाच आरओचे मशीन असते. त्याचे सोडलेले पाणी बारा महिने एकाच कोपऱ्यात मुरते, तोही पाइप हलवा. भिंतीला खेटून झाडे लावू नका, मुळे पायाखालची ओल ओढतात.

मे महिन्यात भेगा सिमेंटने ठासून भरणे टाळा. पावसाळ्यात भिंत मिटू पाहते, मध्ये सिमेंट अडते आणि शेजारी दुसरी भेग पडते. फरसबंदीनंतर एक पावसाळा जाऊ द्या, मग ताणला जाणारा सीलंट भरा.

प्रश्न : आरोग्य केंद्रातल्या लसीच्या फ्रिजला एप्रिल-मेमध्ये हात लावला की झिणझिण्या येतात. पावसाळ्यात येत नाहीत.
– कर्मचारी, बीड जिल्हा

उत्तर : इथे दोन दोष एकत्र आहेत. फ्रिजमधून करंट बॉडीला उतरतो आहे आणि अर्थिंग तो वाहून नेत नाही. आधी फ्रिज बंद करा आणि लगेच लस आईसपॅकसह कोल्ड बॉक्समध्ये, 2 ते 8 अंशांत हलवा. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की विरोध वाढतो. नट-पट्टी गंजलेली असेल तर बदला आणि फनेलमधून आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. हात धुतलेले पाणीही चालेल. अर्थ टेस्टरवर वाचन 5 ओहमच्या आत आले पाहिजे. मीठ विरून गेले असेल तर खड्डा मीठ-कोळशाने नव्याने भरा. बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. त्याचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, स्विच पडून पुरवठा तुटला नाही तर तो बदला. अर्थिंग बसत नाही म्हणून कुणी न्यूट्रलची वायर बॉडीला जोडून देत असेल तर अजिबात जोडू देऊ नका. न्यूट्रल तुटला की सगळी बॉडी जिवंत होते.

प्रश्न : टँकरच्या गावात 10,000 लिटरची टाकी धुवायला पाणी कुठून आणायचे?
– ग्रामसेवक, लातूर जिल्हा

उत्तर : टाकी भरून निर्जंतुक करायला 33 टक्के क्लोरीनची दीड किलो टीसीएल (ब्लीचिंग पावडर) आणि टाकीभर पाणी जाते. तुमच्याकडे ते परवडणार नाही. टँकर यायच्या आदल्या दिवशी टाकी रिकामी होऊ द्या, गाळ काढा, भिंती घासा. मग 20 लिटर पाण्यात 12 ग्रॅम टीसीएलचे द्रावण करून ब्रशने सगळीकडे फिरवा, अर्धा तास ठेवा आणि थोड्या पाण्याने धुऊन काढा. आत एक माणूस, वर झाकणापाशी दुसरा, हातमोजे आणि मास्क असल्याशिवाय उतरू नका. त्याच वेळी ॲसिड वापरू नका, टीसीएलशी मिसळले की विषारी वायू निघतो. टीसीएलचे पोते उघडे राहिले की जोर जातो, म्हणून मात्रेवर भिस्त न ठेवता शेवटच्या नळाला ओटी चाचणी घ्या, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पाहा. पाणी पिवळे झाले नाही तर क्लोरीन तिथवर पोचलेच नाही.