लो सुटतो म्हणून लगेच ट्रान्स्फर उघडू नका

तुमची तक्रार मला कळली ती अशी: २००४ ची मारुती जिप्सी किंग, चौथ्यावरून तिसऱ्यात टाकताना खर्र होतं, आणि कच्च्या उतारावर फोर-लो (चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारा गिअर) आपोआप सुटून न्यूट्रलला येतो. मेकॅनिक म्हणतोय, दोन्ही डबे, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा, हाय-लो बदलणारा डबा), बाजारातून जुने आणून बसवू. माझ्या मते गिअरबॉक्स बहुतेक उघडावा लागेल, ट्रान्स्फर कदाचित नाही. आणि बाजारातला जुना डबा म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी खरखर पैसे मोजून घरी आणणं.

आधी लोचं बघू, ते स्वस्तात सुटण्यासारखं आहे. जुन्या महिंद्रा जीपला ट्रान्स्फर गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्टने जोडलेला असतो. जिप्सीत तो वेगळा, चासीवर तीन रबरी माउंटांवर धरलेला, मधे आखूडसा शाफ्ट. हाय-लो टाकायचा दांडा मात्र थेट त्याच्याच डोक्यातून वर येतो. लोमध्ये जोर आला की अख्खा डबा रबरांवर पिळला जातो आणि उतारावर इंजिन गाडीला मागे धरतं तेव्हा उलट्या बाजूला. रबर गेलेलं असेल तर डब्याबरोबर दांडाही हलतो, फ्लोअरच्या कडेला नाहीतर कन्सोलला टेकतो, आणि ती कडच त्याला न्यूट्रलला ढकलते. म्हणजे आतले दात शाबूत, आणि आपण डबा बदलायला निघालो.

गाडी सपाटीवर घ्या, चाकांना दगड लावा, इंजिन बंद. खाली शिरून टायर लिव्हरने ट्रान्स्फर उचकटून बघा. थोडी हालचाल असणारच, रबरच आहे ते. पण डबा ठकठक वाजला, किंवा रबर लोखंडापासून सुटून मधे फट दिसली, तर तीनही माउंट बदला. एकच बदलू नका. मग लो टाकून दांड्याभोवतीचं रबरी बूट वर करा आणि दांडा कुठे घासल्याची चकचकीत खूण आहे का पाहा. माझ्या गाडीत नंतर बसवलेल्या कन्सोलच्या पत्र्यावर अशीच नखाएवढी खूण होती. पत्रा कापला, प्रश्न मिटला.

यानंतरही सुटत असेल तर गोळी-स्प्रिंग. शिफ्ट शाफ्टच्या खाचेत बसणारी पोलादी गोळी तिच्या मागच्या स्प्रिंगवर असते, आणि स्प्रिंग थकली की पकड जाते. त्याच्याही पुढे स्लीव्हचे (गिअर शाफ्टला जोडणाऱ्या सरकत्या कड्याचे) आणि गिअरचे एकमेकांत अडकणारे कुत्रे-दात. नव्या दाताला धार असते, झिजलेला साबणाच्या वडीसारखा गोल होतो. तसा निघाला तर मात्र स्लीव्ह आणि गिअर जोडीनेच बदलायचे.

आता गिअरबॉक्स. उतरवण्याआधी ही एक परीक्षा करा. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरीही खरखरला तर क्लच नीट सुटत नाहीये, आधी तो बघा. रिव्हर्स गुपचूप पडला आणि तिसरा डबल क्लच मारल्यावर (न्यूट्रलला क्लच एकदा सोडून पुन्हा दाबल्यावर) आवाज न करता जातो, तर तिसऱ्याची ब्रास रिंग (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी पितळी रिंग) गेली असं धरून चाला. न्यूट्रलमध्ये घुरघुर येते आणि क्लच दाबला की थांबते का, तेही ऐका. थांबत असेल तर इनपुट (इंजिनाचा जोर आत आणणारा) किंवा काउंटर (त्याला समांतर फिरणारा) शाफ्टचं बेअरिंग. चौथा गिअर डायरेक्ट, १:१, त्यात काउंटरवर भार येत नाही. म्हणून इतर गिअरांत येणारा आवाज चौथ्यात गप्प झाला तर संशय काउंटरवर.

जिप्सीचा गिअरबॉक्स वरचं आणि खालचं असा दोन फाकांत उघडतो. फाका स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. ॲल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की तिथून कायमचं ऑइल पाझरतं. प्लास्टिकच्या हातोडीने ठोका. ब्रास रिंग गिअरच्या कोनावर हाताने दाबून बसवा आणि रिंग व गिअरच्या दातांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. नव्याला १.० ते १.४ मिमी असते, ०.५ च्या खाली गेली की रिंग बाद. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून "रिंग चांगली आहे, साहेब" हे गेज लावल्याशिवाय ऐकून घेऊ नका. बेअरिंगं मात्र सगळी बदला. डबा पुन्हा उतरवण्याची मजुरी बेअरिंगापेक्षा महाग पडते.

शिफ्ट शाफ्टांच्या मधे इंटरलॉकच्या गोळ्या असतात, एका वेळी एकच गिअर पडावा म्हणून. पहिला गिअरबॉक्स मी स्वतः भरला तेव्हा त्यातली एक ग्रीसला चिकटून पुसायच्या फडक्यात गेली. डबा बंद केला, गाडीत चढवला, गिअर टाकून क्लच सोडला आणि इंजिन दणकन बंद. दोन गिअर एकदम पडले होते. दोन दिवसांचं काम पुन्हा. तेव्हापासून प्रत्येक गोळी आणि स्प्रिंग वेगळ्या डबीत ठेवतो आणि टेबलावरच इनपुट शाफ्ट हाताने फिरवत पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघतो. सीलंट बोटाने पातळ लावा. जाड लावलं तर पिळून आत पडतं.

इतकं करून ट्रान्स्फर बदलायचाच झाला तर नीट पारखून घ्या. जुन्या ९७० सीसी जिप्सीचा आणि किंगचा ट्रान्स्फर बाहेरून भावंडं, आतून नाही. गिअरचं गुणोत्तर बघा: जुन्याचा हाय १.५८० आणि लो २.५११, किंगचा १.४०९ आणि २.२६८. जुना बसवला तर चढाला गाडी खूश, पण हायवेवर त्याच वेगाला इंजिन सुमारे १२ टक्के जास्त फिरेल. काहीजण मुद्दाम करतात. तुम्ही रोज ऑफिसला गाडी नेत असाल तर नको.

ऑइल जीएल-४, ७५डब्ल्यू-९०. जीएल-५ मधला जास्तीचा गंधक पितळी रिंगांना बरा नाही. गिअरबॉक्सला साधारण १.३ लिटर, ट्रान्स्फरला ०.८. लेव्हल प्लगमधून वाहू लागलं की पुरे. ब्रीदर (डब्यातली हवा आत-बाहेर जायचं भोक) साफ करा आणि जमलं तर नळी लावून उंच न्या. पावसाळ्यात गरम डबा ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ताकासारखं पांढरट ऑइल निघतं ते त्यामुळे.

तर या रविवारी आधी माउंट आणि ती रिव्हर्सची परीक्षा. लो टाकलेला असताना दांड्याजवळचा आणि तिन्ही रबरांचा फोटो टाका, मग गिअरबॉक्सला कोणती बेअरिंगं लागतील ते सांगतो. जुन्यांवरचे नंबर पुसू नका, दुकानात तेच दाखवायचे आहेत.